सभेची रीत : सीमाभागातील माणसे बोलायला कशी शिकली

निपाणी सोडून बेळगावची वाट धरली की लवकरच तवंदीचा घाट लागतो. या घाटाच्या अंगाला स्तवनिधी हे आमचे जुने क्षेत्र आहे. पार्श्वनाथांचे मंदिर, शेजारी ब्रह्मदेवाचे ठाणे, आणि अमावस्येला नारळ घेऊन येणाऱ्या माणसांची रीघ. ही माणसे केवळ जैन नसतात. लिंगायत, मराठा, धनगर, सगळे येतात. कोणी देवाशी कानडीत बोलतो, कोणी मराठीत. देवाने आजवर तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

याच ठिकाणी १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. सभेने काढलेली वसतिगृहे, दिलेल्या शिष्यवृत्त्या, चालवलेले ‘प्रगती आणि जिनविजय’ हे मुखपत्र, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्या कामाविषयी लिहायचे नाही. मला ‘सभा’ या शब्दाविषयीच लिहायचे आहे. सभा म्हणजे काय, ती चालते कशी, आणि जन्मात चार माणसांसमोर उभा न राहिलेला शेतकरी तिच्यात उभा राहून बोलायला कसा शिकतो, हा माझा विषय. वक्तृत्व ही ईश्वरी देणगी आहे असे आपण सहज म्हणतो. या भागाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर मला ते पटत नाही. वक्तृत्व येते ते पाळीने. ज्याला पाळी मिळाली तो बोलायला शिकला, आणि बोलायला शिकलेल्यांतले काही पुढे नेते झाले. ज्याला पाळी मिळाली नाही त्याच्यात देणगी होती की नव्हती हे कोणालाच कळले नाही.

सभेपूर्वी आमच्या समाजात बोलणे नव्हते असे नाही. प्रवचने होती, शास्त्रवाचन होते. पण तेथे बोलणारा एक आणि ऐकणारे बाकीचे. पंडित किंवा भट्टारक उच्चासनावरून सांगणार आणि श्रावक मान डोलावणार. गावकीतही पाटील बोलणार आणि बाकीचे घोंगडीच्या कडेला बसून होय म्हणणार. १८९९ नंतर जे आले ते वेगळेच होते. राष्ट्रीय सभा स्थापन होऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती आणि तिच्या कामकाजाची पद्धत देशभरच्या परिषदांनी उचलली होती. अध्यक्षांची सूचना यायची, तिला अनुमोदन मिळायचे. ठराव एकाने मांडायचा, दुसऱ्याने त्याला दुजोरा द्यायचा, तिसऱ्याने हवी तर उपसूचना आणायची, मग मत घ्यायचे, आणि जे ठरले ते लिहून ठेवायचे. आज हे सारे आपल्याला रुक्ष वाटते. सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘सूचक अमुक, अनुमोदक तमुक’ हे शब्द चहा येईपर्यंत कानावरून जातात. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला ते कसे वाटले असतील याचा विचार करा.

अनुमोदकाला दोनच वाक्ये बोलायची असतात. कोणीही बोलू शकेल इतके ते सोपे आहे. मात्र ती दोन वाक्ये पाचशे माणसांसमोर बोलायची असतात. पहिल्या वर्षी अनुमोदन देणारा दोन-तीन वर्षांनी ठराव मांडतो. ठराव मांडायचा तर कारणे द्यावी लागतात, विरोधकाचे म्हणणे आधीच ओळखावे लागते. पुढे तो विषय नियामक समितीत जातो, म्हणजे उद्या काय बोलायचे हे आदल्या रात्री ठरवणाऱ्यांत बसतो. तेथे आवाज चढवून भागत नाही, तडजोड करावी लागते. ही एक शिडी होती. शिकवणारा कोणी नव्हता, पुस्तक नव्हते, पण पायऱ्या क्रमाने होत्या. मुलांचे शिक्षण, बालविवाहाला बंदी, लग्नकार्यातला खर्च, असले विषय या शिडीवरून चढत गेले. आणि ज्याने भर सभेत बालविवाहाविरुद्ध ठरावाला अनुमोदन दिले, त्याला घरी जाऊन दहा वर्षांच्या मुलीचे लग्न लावणे जरा अवघड झाले. सगळ्यांना झाले असे नाही. बोलणे आणि वागणे यांतले अंतर आमच्याही समाजाने इमानाने जपले आहे. पण काहींना ते अवघड झाले, आणि बदल अशा काहींपासूनच सुरू होतो.

सभेच्या सुरुवातीच्या कर्त्या पुरुषांत बेळगावचे चौगुले वकील होते आणि कुरुंदवाडचे अण्णासाहेब लठ्ठे होते. अण्णाप्पा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म १८७८ चा, म्हणजे १८९९ मध्ये ते जेमतेम एकवीस वर्षांचे. एम. ए. झाले, कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकवू लागले, १९०५ साली जैन धर्माची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक लिहिले, पुढे बेळगावला वकिली केली. शाहू छत्रपतींचे चरित्र लिहिणारे तेच. कोल्हापूर संस्थानाचे दिवाण झाले, आणि १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले तेव्हा अर्थमंत्री झाले. अर्थसंकल्प मांडायचा म्हणजे काय असते? आकडे सांगायचे, कारणे द्यायची, विरोधकाचे म्हणणे आधीच ओळखायचे. मला वाटते, स्तवनिधीच्या मांडवात ठराव मांडणारा तरुण आणि विधिमंडळात अर्थसंकल्प मांडणारा मंत्री यांच्यात फारसे अंतर नव्हते. मांडव तेवढा मोठा झाला होता.

पण या शिडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे लेखन म्हणजे समाजाच्या स्मरणिकेतला गौरवलेख होईल. लठ्ठे कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगची व्यवस्था पाहत असताना तेथे कुंभोजचा एक धिप्पाड मुलगा राहत होता, भाऊराव पायगोंडा पाटील. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. भाऊराव त्या समारंभाला गेले. परतल्यावर त्यांनी अंघोळ करून मगच जेवायला बसावे असे सांगण्यात आले. ते त्यांनी मानले नाही, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्या आश्रयाला घेतले. म्हणजे पाहा, जी संस्था समाजाला बोलते करायला निघाली होती, तिला आपल्याच एका मुलाचे ‘नाही’ हे दोन अक्षरांचे भाषण ऐकवले नाही.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले आणि त्यात लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी त्यांचे अतोनात हाल केले. ज्यांच्या व्यवस्थेत आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले त्यांच्याविरुद्ध चार खोटी वाक्ये बोलायची होती. भाऊराव बोलले नाहीत. आमच्या शास्त्रात साधूसाठी ज्या पाच समिती सांगितल्या आहेत त्यांत दुसरी भाषा समिती, म्हणजे बोलण्यातली सावधानता. आणि गुप्तींमध्ये वचनगुप्ती आहे, म्हणजे वाणीचा संयम. भाऊराव साधू नव्हते, रागीट होते, शिव्याही देत असत असे म्हणतात. पण वचनगुप्तीचे याहून चांगले उदाहरण मला आमच्या भागाच्या इतिहासात सापडलेले नाही.

पुढे हेच भाऊराव नांगराचे विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडले. लाकडी नांगरावर वाढलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर गळी उतरवणे हा वक्तृत्वाचा फार मोठा वर्ग आहे. तेथे टाळ्या नसतात. माणूस एक तर घेतो, नाहीतर तंबाखू मळत ‘बघू’ म्हणतो. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसली. जे एका बोर्डिंगात बोलता आले नाही ते त्यांनी दुसरे बोर्डिंग काढून सांगितले.

आता थोडे मागे जाऊ, कारण ही सभेची रीत आमच्या घाटात आभाळातून पडलेली नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी एक साहित्य आणि विज्ञान मंडळी स्थापन केली. निबंध वाचायचा, त्यावर बाकीच्यांनी चर्चा करायची, हा तिचा क्रम. इंग्रजीत बोलून आपल्याच लोकांना काही कळत नाही हे या मुलांच्या लवकर ध्यानात आले, म्हणून त्याच वर्षी मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग. गुजरातीकडे दादाभाई नौरोजींसारखी माणसे होती. या मंडळींनी नुसती चर्चा केली नाही, वर्षभरात मुलींच्या शाळा काढल्या. त्याच १८४८ साली बेळगावात सार्वजनिक वाचनालय सुरू झाले ही गोष्ट आम्हा बेळगावकरांना अभिमानाने सांगायला आवडते, आणि मीही संधी सोडत नाही. पुण्यात १८७५ पासून न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. मुंबई-पुण्याचे हे पाणी पाटापाटाने आमच्याकडे आले. फरक एवढाच की तिकडे शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी सभा भरवल्या. स्तवनिधीला शिकलेले मूठभर होते आणि मांडवात बसलेले बहुतेक नांगर सोडून आलेले होते.

भाषण करणाऱ्याइतकेच भाषण तोलणाऱ्यालाही शिकावे लागते. याचे एक ठळक उदाहरण बेळगावशी जोडलेले आहे. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला प्रांतिक परिषद भरली, होमरूल लीग येथेच स्थापन झाली, आणि १ मे रोजी लोकमान्यांचे येथे भाषण झाले. हे भाषण आणि नगरची दोन भाषणे मिळून सरकारने त्यांच्यावर खटला भरला. वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तेव्हा टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे होते. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी आदेश रद्द केला. त्यातला मुख्य मुद्दा असा की भाषणातले एखादे वाक्य सुटे काढून धरायचे नाही, संपूर्ण भाषण मोकळ्या मनाने वाचायचे आणि त्याचा एकूण परिणाम पाहायचा. आजच्या मोबाइलच्या काळात वीस सेकंदांच्या तुकड्यावरून माणसाला फासावर चढवणाऱ्यांनी हे निकालपत्र जरूर वाचावे.

आता स्वतःविषयी थोडे, कारण ही रीत मी कागदावर वाचण्याआधी अंगावर घेतली आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी शिक्षणासाठी एका वसतिगृहात होतो. नाव सांगत नाही. दर रविवारी संध्याकाळी आरतीनंतर सभा असे. एका डब्यात विषयांच्या चिठ्ठ्या टाकलेल्या. हजेरीच्या क्रमांकाप्रमाणे पाळी येई. चिठ्ठी उचलायची, दोन मिनिटे विचार करायचा आणि तीन मिनिटे बोलायचे. एक मुलगा वेळ पाहायला, एक टिपण ठेवायला, आणि एक टीकाकार. टीकाकाराने भाषणातली एक चांगली गोष्ट आणि एक राहिलेली गोष्ट सांगायची, तिसरी सांगायची नाही असा दंडक होता. अध्यक्षही पाळीने. घंटा नव्हती, स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवत.

माझी पहिली चिठ्ठी निघाली ‘पाऊस’. आमच्या घरात कानडी, शाळा मराठी, बाजार दोन्हींचा. उभा राहिलो, पाय थरथरायला लागले आणि मराठी शब्द पळून गेला. कानडीत पावसाला ‘मळे’ म्हणतात. मी म्हणालो, ‘आमच्या गावात मळे आला की सगळे खूश होतात.’ मुलांना वाटले, मी शेतमळ्यांविषयी बोलतो आहे आणि मळे गावात चालत येतात. जो हशा उसळला तो मला आजही ऐकू येतो. मला खाली बसायचे होते. पण नियम तीन मिनिटांचा होता. बोला किंवा बोलू नका, चमचा वाजेपर्यंत उभे राहायचे. अडीच मिनिटे मी तसाच उभा होतो. टीकाकार मुलगा उठला, त्याला एक चांगली गोष्ट सांगणे भागच होते. बराच वेळ शोधून तो म्हणाला, ‘हा शेवटपर्यंत उभा राहिला.’

पाच-सहा आठवड्यांनी क्रमांकाप्रमाणे अध्यक्षपद माझ्याकडे आले. सर्वांत मोठ्याने हसलेला मुलगा त्या दिवशी वक्त्यांत होता. त्याला बोलू द्यायचे, त्याच्या वेळेत कोणी हसले तर गप्प करायचे, आणि शेवटी त्याचे आभार मानायचे, हे माझे काम. नेतृत्व या विषयावर मी पुढे पुष्कळ शिबिरे केली, तरुणपणी जेसीजमध्ये असताना फळ्यावर त्रिकोण आणि बाण काढून ते शिकलो. पण त्या रविवारी लाकडी खुर्चीवर बसून जे कळले त्यापुढे बाण-त्रिकोण फिके आहेत. ज्याने आपली पाळी खराब केली, त्याची पाळी आपण राखायची.

अशाच पद्धतीचा क्लब अमेरिकेत निघाला होता हे मला फार उशिरा कळले. राल्फ स्मेडली नावाचे गृहस्थ तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेत शिक्षणाचे काम पाहत. मुलांना चार लोकांत बोलता येत नाही हे पाहून त्यांनी १९०५ मध्येच प्रयोग सुरू केला, आणि २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे इमारतीच्या तळघरात आज जगभर पसरलेल्या टोस्टमास्टर्सची पहिली बैठक भरवली. तेथेही वेळ पाहणारा, मूल्यमापन करणारा, आयत्या विषयावर बोलणे, पाळीचे अध्यक्षपण. आमच्या वसतिगृहाच्या सरांनी स्मेडलींचे नाव ऐकले असण्याची शक्यता फार कमी. गरज सारखी असली की रीतही सारखी निघते. मात्र या क्लबाने स्त्रियांना अधिकृत सदस्यत्व दिले ते १९७३ साली. त्याआधी १९७० मध्ये हेलन ब्लँचर्ड या बाईंनी ‘होमर’ हे पुरुषी नाव कागदावर लावून प्रवेश मिळवला होता, आणि पुढे १९८५ मध्ये त्याच जागतिक अध्यक्ष झाल्या. आमच्याकडेही जेसीजची सभा पुरुषांची असे आणि बायका शेजारी जेसीरेट म्हणून पाककृतींच्या स्पर्धा घेत. त्यांच्यातल्या दोघी-तिघी आमच्यापेक्षा चांगले बोलत, हे आम्हाला तेव्हाही माहीत होते.

१९२४ हे साल बेळगावकरांच्या घरात वेगळ्या कारणाने माहीत असते. सांता आनाच्या तळघरातल्या बैठकीनंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबरच्या अखेरीस, टिळकवाडीच्या माळावर राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते येथे. गंगाधरराव देशपांड्यांनी व्यवस्था उभी केली, हर्डीकरांच्या सेवादलाने शिस्त राखली. पण त्याच वेळी, त्याच गावात कर्नाटक एकीकरणाचीही परिषद भरली आणि कन्नड नाडूच्या उदयाचे गीत अधिवेशनाच्या मांडवात गायले गेले. बावीस वर्षांनी, १९४६ च्या मे महिन्यात, याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दोन्ही वेळा मांडव बेळगावचा, रीत तीच, सूचक आणि अनुमोदक तेवढे वेगळे. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले. नंतरचा महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल, त्यात निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे सारे तुम्हाला पाठ आहे. मी त्यात शिरत नाही.

मला वेगळेच दुःख आहे. सभेची रीत ज्या मांडवात दोन्ही भाषांच्या माणसांना एकत्र बसवत होती, तो मांडव मधोमध फाडला गेला. सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये पाहा. जन्म १९०६, शिक्षण बेळगाव आणि सांगलीला, उभी हयात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राकृत शिकवण्यात गेली, आणि १९६७ साली श्रवणबेळगोळला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कोल्हापूरला कोणी त्यांना परके म्हटले नाही, श्रवणबेळगोळलाही म्हटले नाही. त्याच सदलग्यात १९४६ साली जन्मलेल्या, नववीपर्यंत कानडीत शिकलेल्या मुलाने पुढे आचार्य विद्यासागर होऊन हिंदीत ‘मूकमाटी’ हे महाकाव्य लिहिले. शेडबाळचे आचार्य विद्यानंद हिंदीत बोलू लागले की दिल्लीकर ऐकत बसत. सीमेवरचा माणूस दोन भाषांत वाढतो, त्यामुळे तिसरी त्याला जड जात नाही. माझा ‘मळे’ हा शब्द त्या रविवारी हशाचा विषय झाला. पंचवीस वर्षांनंतर, एका तणावाच्या संध्याकाळी, चौकात तसाच चुकीच्या भाषेतला शब्द तोंडातून निघाला म्हणून एका तरुणाला मार खावा लागला, आणि त्याच्या ओठाला टाके घालायला मी त्याला पुढे पाठवले. सभेत चूक झाली तर हसू होते. सभा मोडली की काय होते ते मी असे दवाखान्यात पाहिले आहे.

तरीही रीत मेलेली नव्हती. निपाणीत ती मला अनपेक्षित जागी पुन्हा दिसली. निपाणीची तंबाखू म्हणजे वखारी, आणि वखारी म्हणजे धुळीत बसून पाला चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायका. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने या बायका आणि विडी कामगार संघटित झाले. छाया दातार यांनी या लढ्यावर इंग्रजीत पुस्तकच लिहिले आहे, ते १९८९ साली प्रसिद्ध झाले. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, हजारोंनी रस्त्यावर मुक्काम केला, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी गेले. त्या रस्त्यावर रोज सभा होत, कारण इतक्या माणसांना तीन आठवडे धरून ठेवायचे तर बोलण्याशिवाय दुसरे काय होते?

माझ्याकडे पुढे खोकला घेऊन वखारीतल्या बायका येत. होमिओपॅथीत रोग्याची हकिगत घेणे हे अर्धे काम. हानेमान यांनी लिहून ठेवले आहे की रोग्याला बोलू द्यावे, मध्ये तोडू नये, कारण तोडले की विचारांची साखळी तुटते. मी अशाच एका आजीला बोलू देत होतो. खोकल्यापासून सुरू करून त्या संघटनेवर आल्या. म्हणाल्या, ‘डॉक्टर, पैल्यांदा माईक हातात दिला तवा मी तो तोंडाला न लावता पदरात झाकला. वाटलं, ह्यातनं माझं बोलणं मालकाला ऐकू जाईल.’ मग? ‘मग काय, गेलंच की ऐकू. त्यासाठीच तर दिलता.’ संघटनेच्या बैठकीत प्रत्येक वखारीतल्या एका बाईने उठून आपल्याकडची मजुरी आणि आपल्याकडचा त्रास सांगायचा, अशी पद्धत होती असे त्या म्हणाल्या. सगळ्यांनी एकाच वेळी ओरडायचे नाही. वखारीच्या नावाप्रमाणे पाळी. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला त्यांना आकडे पाठ झाले, कारण शेजारच्या वखारीतली बाई आकडे सांगत असे आणि यांना नुसता त्रास सांगायची लाज वाटू लागली. अक्षर ओळखता न येणारी ती बाई मला माझ्या वसतिगृहाची सारी नियमावली सांगत होती.

अलीकडे बेळगावातही टोस्टमास्टर्सच्या धर्तीवरच्या बैठका होतात. गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी मला हट्टाने अशा एका बैठकीला घेऊन गेली. गुळगुळीत फरशीची खोली, भिंतीवर पडदा, वेळ दाखवायला हिरवा, पिवळा, लाल दिवा. पोरे इंजिनिअरिंगची, बँकेतली, काही माझ्यासारखे निवृत्तीला आलेले. बोलणे सगळे इंग्रजीत. एक जण फक्त वक्त्याचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मोजायला बसलेला. मला हे काम फार आवडले. आमच्या पुढाऱ्यांमागे एकेक असा माणूस सरकारी खर्चाने नेमावा. पाहुणा म्हणून मलाही दोन मिनिटे मिळाली. मी विचारले, मराठीत बोललो तर चालेल का? अध्यक्षपदी हुबळीकडची मुलगी होती. तिने क्षणभर नियम आठवून पाहिले आणि म्हणाली, चालेल, फक्त मूल्यमापन करायला मराठी कळणारे कोणीतरी हवे. एक मुलगा उठला. नाव कानडी, आडनाव आमच्यातलेच. म्हणाला, ‘मी करतो. घरी दोन्ही बोलतो.’

आयता विषय पडद्यावर आला. पाऊस नव्हता, ‘माझी पहिली नोकरी’ असे काहीसे होते. मी विषय सोडून मळ्याचीच गोष्ट सांगितली. दिवा लाल झाला तरी अडीच मिनिटे उभे राहण्याचा भाग उरला होता, म्हणून तो तसाच सोडून बसलो. मूल्यमापनाला तो मुलगा उभा राहिला. आधी चांगली गोष्ट सांगितली, मग राहिलेली : डॉक्टरांनी विषय टाळला, आणि त्यांचे ‘म्हणजे’ चौदा वेळा आले.